चष्मेकाकांनी पेटारा कसा विकला

माझ्या मावशीच्या यजमानांना आम्ही सगळी भाचरं चष्मेकाका म्हणतो. त्यांनी जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं आणि स्वतःला मात्र कधी चष्मा लागू दिला नाही. दुकान बोळकांडीएवढं अरुंद होतं, पण दोन्ही भिंतींना आरसे असल्यामुळे एक गिऱ्हाईक आत शिरलं तरी जत्रा भरल्यासारखी वाटायची. काकांचा हात हलका होता, नजर तेज होती, आणि तोंडाला झाकण नव्हतं.

एखादी बाई सगळ्यांत महागडी फ्रेम लावून आरशात वळून वळून बघत असायची. दुसरा दुकानदार असता तर म्हणाला असता, वा, काय खुलून दिसतेय! काका मात्र मान तिरकी करून विचारायचे, "बाई, तुम्ही चिडलेल्या आहात का?"

"नाही बुवा. का?"

"मग ही नको. यात तुम्ही चिडलेल्या दिसता."

आणि तिच्या नाकावरची फ्रेम काढून ते एखादी स्वस्तातली साधी फ्रेम चढवायचे. ती खरंच शोभायची, ही गोष्ट वेगळी. मावशी म्हणायची, "बोलणाऱ्याची बोरंसुद्धा विकतात म्हणे. आमच्याकडे बोलणं ऐकून आंबे परत जातात."

मावशीचा स्वभाव नेमका उलटा. ती ड्रायव्हिंग शिकवायची. गावातली निम्मी माणसं तिच्याकडून स्टिअरिंग धरायला शिकली आणि उरलेली निम्मी तिच्या शिकाऊ गाडीपुढून पळायला. तिला सगळं झटपट लागायचं. निर्णय झटपट, जेवण झटपट, भांडणही झटपट आणि त्याहून झटपट समेट. काकांनी दुकान बंद केलं त्याच आठवड्यात तिने एक जुनं मोटरहोम दारात आणून उभं केलं आणि म्हणाली, "अहो, बसा. जग बघू."

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घरच. बाहेरून सायीच्या रंगाचं, कडेने तपकिरी पट्टा, नाक जरा चपटं. बाजूच्या दाराखाली एक लोखंडी पायरी, ती पायाने दाबली की खाली उतरायची. आत दोन बर्नरची शेगडी, वाडग्याएवढं सिंक, दुमडलं की पलंग होणारं टेबल, आणि सगळ्यात मागे पडद्याआड दोघांपुरता बिछाना. नातेवाईक हसले. "घर फिरलं की वासे फिरतात असं ऐकलं होतं," माझे बाबा म्हणाले, "तुम्ही वाशांसकट फिरायला निघालात!" तेव्हापासून त्या गाडीला आम्ही पेटारा म्हणू लागलो. मावशी चालवायची आणि काका मागे बिछान्यावर झोपायचे. डोंगर, खिंडी, खड्डे, काही असो. गाडी जितकी हेलकावे खाई तितकी काकांना गाढ झोप लागे. मावशी म्हणायची, "मी यांना अर्ध्या जगातून फिरवून आणलं, यांनी बघितलं फक्त छत."

हे खरं नव्हतं. गाडी थांबली की काका टक्क जागे व्हायचे, आणि मग चहापासून तिथल्या माणसांपर्यंत सगळं त्यांनाच आठवत राहायचं. पेटाऱ्याच्या अंगावरचा एकेक ओरखडा त्यांना पाठ होता. मागची खोक मावशीने दगडी खांबावर गाडी मागे घेतल्याची, दारावरचा चरा एका शेळीच्या शिंगाचा, आणि टेबलावरचा काळा गोल कढईचा. त्या कढईबद्दल दोघांची आठवण वेगवेगळी होती.

अशी वर्षं मजेत गेली. मग एका दुपारी दूरदेशी असलेल्या त्यांच्या लेकीचा फोन आला. मावशीने फोन कानाला लावला, "काय?" म्हणून ओरडली, "काय?" म्हणून परत ओरडली आणि तिथेच स्वतःभोवती एक गिरकी घेतली. काकांनी घाबरून विचारलं, "अगं, झालं काय?"

"जुळं!" मावशी म्हणाली. "आपल्या लेकीला जुळं होणार आहे!"

काकांनीही एक गिरकी घेतली. त्यांना ती नीट जमली नाही, म्हणून खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या हसत राहिले. ते हसू बरेच दिवस उतरलं नाही. शेजारी, दूधवाला, पोस्टमन, ज्याला त्याला ते दोन बोटं दाखवायचे. दूधवाल्याने त्या दिवसापासून दोन पिशव्या टाकायला सुरुवात केली.

लेकीकडे जायचं म्हणजे विमानाने जायचं आणि तिथे चांगला मुक्काम ठोकायचा. मग इतका काळ पेटारा दारात उभा राहून काय करणार? गंज खाणार. विकायचा ठरला. इथपर्यंत दोघांचं एकमत होतं. पुढे मात्र फाटे फुटले.

"सरळ यार्डवाल्याला देऊ," मावशी म्हणाली. जुन्या गाड्या घेऊन विकणाऱ्याचं मोठं यार्ड गावाबाहेर होतं. "दोन पैसे कमी देईल, पण एका दिवसात सुटका. कागदपत्रं तो बघेल, दुरुस्ती तो बघेल. आपण बॅगा भरू."

"छे," काका म्हणाले. "आपण स्वतः विकू. चार पैसे जास्त मिळतील, आणि मुख्य म्हणजे घेणाऱ्याचं तोंड तरी दिसेल. पेटारा कुणाच्या हाती जातोय हे नको कळायला?"

"तुम्ही विकणार? तुम्ही?"

"का? मी जन्मभर दुकानदारी केली."

यावर मावशीने जो चेहरा केला तो मी पाहिला आहे. पण लेकीच्या बातमीने ती इतकी खुशीत होती की तिने हात झटकून परवानगी देऊन टाकली.

काकांनी जाहिरात दिली आणि माणसं यायला लागली. पहिला आला तो एक निवृत्त सर्वेअर. त्याच्याकडे मोजपट्टी होती. त्याने दार मोजलं, शेगडी मोजली, सिंक मोजलं, पडदा मोजला, मध्ये उभ्या असलेल्या काकांनाही ओघात मोजलं. मग समाधानाने मान हलवून म्हणाला, "पसंत आहे. कागदपत्रं करून टाकू."

मावशीने खिडकीतून हे ऐकलं आणि चहात साखर जास्त घातली. तेवढ्यात काका म्हणाले, "थांबा, थांबा. तुम्ही बिछाना मोजलात, पण झोपून पाहिलंत का?"

"कशाला? मोजला ना."

"झोपाच."

सर्वेअर झोपला. गुडघ्यापासून खालचे पाय बिछान्याबाहेर लटकले.

"बघा," काका आनंदाने म्हणाले. "तुम्हाला इथे झोप लागायची नाही."

सर्वेअर गेला. नंतर एक नवपरिणीत जोडपं आलं. त्यांना सगळंच गोड वाटत होतं. काकांनी त्यांना सांगितलं की पावसात उजव्या कोपऱ्यात गळतं, नळाला डाव्या बाजूने चापट मारल्याशिवाय पाणी येत नाही, आणि डावीकडचं वळण घेतलं की शेगडीवरचं कपाट आपोआप उघडतं. "पण उजवीकडे वळताना अजिबात उघडत नाही हं," ते प्रामाणिकपणे म्हणाले. मग एक ढोलकवादक आला. त्याला आत बसून सराव करायचा होता. त्याला काकांनी वाजवून बघायला सांगितलं. त्याने वाजवलं, आणि कपाटातल्या सगळ्या ताटल्या त्याच्या तालावर नाचत खाली आल्या. काकांना ते फार आवडलं. ढोलकवादकाला नाही.

शेवटी मावशीने कमरेला पदर खोचला. "झाली तुमची दुकानदारी," ती म्हणाली आणि यार्डवाल्याला फोन लावला.

यार्डवाला दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. बूट चकचकीत, केस चकचकीत, बोलणंही चकचकीत. मावशीने त्याला बघताक्षणी मनातल्या मनात गुळगुळीत असं नाव दिलं. त्याने पेटाऱ्याच्या अंगावरून हात फिरवला, चाकाला हलकी लाथ घातली, खाली वाकून काहीतरी बघितलं आणि दातांतून हवा आत ओढली. स्स्स. दोन पावलं पुढे गेला, परत स्स्स. प्रत्येक स्स्ससरशी पेटाऱ्याची किंमत उतरत होती हे काकांनाही कळत होतं.

"काकू," तो म्हणाला, "वस्तू चांगली आहे. पण बाजार थंड आहे." आणि त्याने भाव सांगितला.

काकांचा चेहरा पडला. मावशीचाही पडला, पण तिने तो लगेच उचलून जागेवर लावला.

"अंतिम नाही हा," गुळगुळीत म्हणाला. "उद्या दुपारी माझा ड्रायव्हर येऊन गाडी यार्डात नेईल. आमचा मेकॅनिक नीट तपासेल. संध्याकाळी पक्का भाव कळवतो. पटला तर व्यवहार, नाही तर गाडी परत दारात. दगडापेक्षा वीट मऊ, काकू. लोक येतात, चहा पितात, निघून जातात. इथे तसं नाही."

"हे मात्र खरं," मावशी म्हणाली आणि काकांकडे बघितलं. काका छताकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मावशीने काकांना आठवण करून दिली, "अहो, केस कापून या. असल्या अवतारात नातवंडांपुढे जाणार का?" काका बरं म्हणून बाहेर पडले. पण केशकर्तनालयाच्या वाटेवर, अगदी दारातच, पेटारा उभा होता. त्यांना वाटलं, शेवटचं एकदा आत जाऊन यावं. चपला पायरीखाली काढल्या, पायरी पायाने दाबून वर चढले, पायरी सवयीने आत ओढून घेतली, नळाला एक चापट मारली, कपाटाचं दार लावलं. मग वाटलं, पाच मिनिटं पडावं. पलीकडे रस्ता खोदायचं मशीन सुरू होतं म्हणून कानात कापूस घातला, सदरा घडी करून उशाशी ठेवला, पडदा ओढला आणि आडवे झाले.

थोड्या वेळाने यार्डचा ड्रायव्हर आला. मावशीने किल्ली त्याच्या हातात दिली, पेटाऱ्याच्या चपट्या नाकावर थोपटलं, आणि डोळ्यांत पाणी येतंय असं वाटताच घाईने आत निघून गेली. पेटारा गल्लीतून बाहेर पडला. पहिल्याच वळणाला तो छान डुलला असणार, कारण काका त्या क्षणी जास्तच गाढ झोपले.

त्यांना जाग आली ती गाडी थांबल्यावर, नेहमीसारखी टक्क. आधी वाटलं, आलं वाटतं कुठलंतरी गाव. मावशी चहा टाकेल. कानातला कापूस काढला तर बाहेरून आवाज आला. पुरुषाचा, गुळगुळीत.

"या, आई, या. जपून, पायरी आहे. ही आजच आलेली गाडी. तुमचं नशीब थोर."

आत तीन माणसं चढली. गाडी त्यांच्या वजनाने हलली. काका पडद्याआड श्वास रोखून पडून राहिले. अंगात बनियन, खाली पायजमा. अशा अवस्थेत बाहेर यायचं तरी कसं?

"एकाच मालकाची गाडी आहे," गुळगुळीत सांगत होता. "एक प्राध्यापक होते. एकटेच. पुस्तकं वाचत बसायचे आत. गाडी फारशी फिरलीच नाही. शेगडीला तर काडी लागली नाही कधी."

काकांना वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीत झोपलो की काय! त्यांनी वर बघितलं. छतावर ओळखीचा डाग होता. गाडी पेटाराच होती. म्हणजे प्राध्यापक कोण?

"आणि हा काळा गोल कसला?" एका बाईचा ठसठशीत आवाज आला.

"डिझाइन आहे, आई."

"पाऊसबिऊस? गळत नाही ना?" दुसरा आवाज तरुण होता.

"थेंब नाही, ताई! खात्री माझी."

काकांनी चादरीचा कोपरा दातांत धरला. ते मला पुढे कितीदा तरी सांगत, "मी ठरवलं होतं की गप्प बसायचं. तुझ्या मावशीची शपथ घातली होती स्वतःला." मग गुळगुळीतने भाव सांगितला. काल दारात उभा राहून जो सांगितला होता त्याच्या थेट दीडपट. चादर दातांतून सुटली.

"उजव्या कोपऱ्यात गळतं!" पडद्याआडून आवाज आला.

तिघांच्या माना मागे वळल्या.

"कोण बोललं?" ठसठशीत बाईने विचारलं.

"रेडिओ असेल," गुळगुळीत म्हणाला.

"रेडिओ नाही, मी आहे!" काका म्हणाले आणि त्यांनी पडदा सर्रकन बाजूला केला. केस उभे, गालावर उशीच्या सुरकुत्या, खांद्यावर चादर. ठसठशीत बाईने एक किंकाळी फोडली आणि हातातली भलीमोठी पर्स गरकन फिरवून काकांच्या डोक्यात हाणली. काका परत बिछान्यावर आडवे झाले.

"आई! अहो, मारताय कुणाला!" तरुण बाई पुढे धावली. ती परिचारिका होती आणि ठसठशीत बाईंची सून. तिने काकांचं डोकं हातात धरलं, त्यांच्या डोळ्यांसमोर बोटं धरली. "काका, माझ्याकडे बघा. किती बोटं दिसतायत?"

"तीन," काका म्हणाले. "आणि तुमचा चष्मा नाकावरून घसरतोय. डावी दांडी सैल आहे. द्या इकडे."

सुनेने चष्मा काढून दिला. काकांनी हाताशी असलेला चमचा उलटा धरला, त्याच्या टोकाने बारीक स्क्रू आवळला, दांडी जराशी वाकवली आणि चष्मा तिच्या नाकावर परत बसवला. तिने मान हलवली, वर केली, खाली केली. चष्मा हलला नाही.

"आई," सून हसू दाबत म्हणाली, "तुम्ही यांना उगीच मारलं."

"पर्स आणखी कशाला असते?" सासूबाई म्हणाल्या. मग त्याही हसायला लागल्या आणि त्यांचं हसू असं होतं की गाडीच्या स्प्रिंगा वाजायला लागल्या. सून हसली, काका हसले. गुळगुळीत एकटा पायरीवर बसून कपाळाला हात लावून होता. "काका," तो कळवळून म्हणाला, "तुम्ही आलात कुठून?"

"घरून," काका म्हणाले. "तुमच्याच ड्रायव्हरने आणलं. गाडी छान चालवतो. अजिबात जाग आली नाही."

मग सासूबाईंनी काकांना समोर बसवलं आणि चौकशी सुरू केली. कपाट उघडतं कधी? डावीकडे वळताना. नळ? डावीकडून चापट, फार जोरात नाही. हा चरा? शेळी. शेळी कुठली? आणि काका सुटले. शेळी एका चढावर कशी आडवी आली, मावशीने तिला हॉर्न न वाजवता कशी समजावली, शेळी न समजता दारावर कशी चालून आली, मग तिचा मालक येऊन माफी मागण्याऐवजी दोघांना जेवायला कसा घेऊन गेला. कढईच्या काळ्या गोलाची गोष्ट त्यांनी स्वतःच्या बाजूने सांगितली. सासूबाई डोळे पुसत होत्या. सून चष्मा काढून हसत होती, परत घालत होती, परत काढत होती.

त्या दोघींचं असं होतं की सासूबाईंचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, घरकोंबडा होता. त्याला घर, गादी आणि टीव्ही यांपलीकडे जग नको होतं. या दोघींना मात्र वारा प्यायलेल्या वासरांसारखं उंडारायचं होतं. शेवटी सासूबाईंनी फर्मान काढलं, "तू राहा घरी, कुंड्यांना पाणी घाल. आम्ही दोघी जातो." आणि मुलाने सुटकेचा निःश्वास टाकून दोघींना गाडी शोधायला पाठवलं होतं.

इकडे घरी मावशीला काकांची काळजी वाटायला लागली होती. केस कापायला एवढा वेळ? ती केशकर्तनालयात गेली. "आलेच नाहीत," तिथला कारागीर म्हणाला. परत येताना तिची नजर रस्त्याच्या कडेला गेली. जिथे पेटारा उभा असायचा तिथे आता मोकळी जागा होती, आणि त्या मोकळ्या जागेच्या कडेला, एकाशेजारी एक, नीट जोडून ठेवलेल्या काकांच्या चपला.

मावशी आधी चपलांकडे बघत राहिली. मग जिथे पेटारा गेला त्या दिशेने बघितलं. मग तिने "अगं बाई!" म्हणून दोन्ही चपला उचलल्या आणि समोर दिसलेली टॅक्सी हात करून थांबवली. टॅक्सीवाला तिला बघून ताठ बसला. तो तिचाच जुना विद्यार्थी होता.

"गावाबाहेरच्या यार्डात. जोरात."

"हो बाई."

"जोरात म्हटलं, वेडंवाकडं नाही म्हटलं! आरशात बघ. गिअर! गिअर कोण बदलणार, मी?"

टॅक्सीवाला सांगतो की शिकताना जेवढा घाम फुटला नव्हता तेवढा त्या दिवशी फुटला. यार्डात पोचल्यावर त्याने भाडंच मागितलं नाही. मावशीने ते जबरदस्तीने त्याच्या खिशात कोंबलं आणि हातात चपला घेऊन पळत सुटली.

गुळगुळीतने हातात चपला घेऊन धावत येणारी बाई बघितली आणि तो पायरीवरून उठून गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"काकू, शपथ! मला माहीत नव्हतं आत कुणी आहे!"

मावशीने त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. ती दारातून आत डोकावली. काका बनियनवर बसून, कपाळावर पर्सच्या बक्कलाचा ठसा मिरवत, दोन अनोळखी बायकांना नळाला चापट कशी मारायची ते दाखवत होते.

"अहो!" मावशी म्हणाली.

"अगं, ये ये!" काका म्हणाले. "यांना सांग, कढई कुणी ठेवली होती?"

मावशी पायरीवर टेकली आणि तिला हसू फुटलं. चपला तिच्या हातातून खाली पडल्या. ती इतकी हसली की सासूबाईंनी तिला पाणी दिलं. ते पाणी नळाचं होतं, म्हणजे शिकवणी वाया गेली नव्हती.

शांत झाल्यावर खरी ओढाताण सुरू झाली.

"मी गाडी घेणार ती या माणसाकडूनच," सासूबाईंनी काकांकडे बोट केलं. "जो गळतं म्हणून सांगतो त्याच्याकडून. डिझाइनवाल्याकडून नाही."

"आई, असं कसं?" गुळगुळीत पुढे आला. आता त्याचा चकचकीतपणा बराच उतरला होता आणि खरं सांगायचं तर त्यामुळे तो बरा दिसत होता. "तुम्ही आलात माझ्या यार्डात, माझी पाटी बघून. माझा चहा प्यायलात. काकांच्या दारात गेला असतात का? त्यांच्याकडे आलेली सगळी माणसं पळून गेली! आणि छत दुरुस्त कोण करणार? कागद कोण फिरवणार? उद्या गाडी बंद पडली तर तुम्ही कुणाच्या नावाने ओरडणार, विमानात बसलेल्या काकांच्या?"

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. सगळे मावशीकडे बघायला लागले, का कोण जाणे. वर्गात बाई आल्यासारखं झालं.

"प्राध्यापक कोण?" मावशीने पहिला प्रश्न टाकला, कारण काकांनी तिला तेवढ्यात सगळं सांगून टाकलं होतं.

गुळगुळीतने मान खाली घातली. "सवय लागते, काकू. प्रत्येक गाडीला एक प्राध्यापक लागतो."

"ती सवय सोड. आता ऐक. छताची दुरुस्ती तू करायची, कागदपत्रंही तुझी. वर्षभर गाडीला काही झालं तर या दोघी तुझ्याकडे येतील. त्याबद्दल तुझा वाटा तुला मिळेल. आई, तुम्ही यार्डच्या भावापेक्षा कमी द्यायचे. आणि आम्हाला याने काल दारात सांगितले त्यापेक्षा जास्त मिळायला हवेत. मधला आकडा काढा."

मधला आकडा काढायला वेळ लागला. सासूबाई दोनदा उठून दारापर्यंत गेल्या, गुळगुळीतने तीनदा स्स्स केलं, आणि काकांनी मध्येच "फ्रिज रात्री गुणगुणतो" असं सांगून सगळं परत विस्कटायची तयारी केली होती, पण मावशीने त्यांच्या पायावर पाय दिला. शेवटी आकडा निघाला. तिघांनाही वाटलं की आपण थोडे फसलो, म्हणजे सौदा बरोबर झाला होता.

"पण एवढी मोठी गाडी चालवणार कोण?" गुळगुळीतने विचारलं.

"मी," सून म्हणाली. "रुग्णवाहिकेत ड्रायव्हरशेजारी बसते की रोज."

मावशीचे डोळे चमकले. "बस पुढे," ती म्हणाली.

मग जे झालं ते यार्डच्या भल्यामोठ्या आवारात झालं म्हणून बरं. सून स्टिअरिंगवर, शेजारी मावशी, मागे टेबलाला धरून सासूबाई, काका आणि गुळगुळीत. "क्लच सोड, लोण्यातून सुरी काढतात तसा," मावशी म्हणाली. सुनेने तो दगडातून सुरी काढतात तसा सोडला. पेटाऱ्याने बेडकासारखी उडी मारली. सासूबाई "गेलो!" म्हणून ओरडल्या आणि लगेच "परत!" म्हणाल्या. पेटारा ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांच्या मधून निघाला. गुळगुळीतने डोळे मिटून आपल्या एकेका गाडीचा निरोप घेतला. "डावीकडे घे," मावशी म्हणाली.

"डावीकडे नको!" काका म्हणाले.

पण सुनेने डावीकडे घेतलं. कपाट उघडलं. ताटल्या, झारा, मिठाची बरणी असं सगळं एकामागोमाग गुळगुळीतच्या मांडीवर येऊन पडलं. मिठाने त्याचे केस पांढरे झाले. तो आधी थिजला. मग त्याने सासूबाईंकडे बघितलं, त्यांच्या डोक्यावर चहाची गाळणी होती, आणि त्याला आत कुठूनतरी खदखदून हसू आलं. त्याला हसताना यार्डातल्या मेकॅनिकांनी कधी पाहिलं नव्हतं. ते काम सोडून बघायला आले.

"परत!" सासूबाई म्हणाल्या. "परत डावीकडे घे, सूनबाई!"

तिसऱ्या फेरीला सून गाडी सफाईने चालवायला लागली. मावशीने तिच्या पाठीवर थाप मारली. ही थाप तिने आयुष्यात फार थोड्यांना दिली आहे, मला नाही.

पुढच्या दिवसांत छत दुरुस्त झालं, कागद फिरले. काकांनी सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं आणि सगळं संपल्यावर पहिल्यापासून परत समजावलं. सासू-सून निघाल्या त्या दिवशी घरकोंबडा मुलगा त्यांना निरोप द्यायला आला होता. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्याने हात हलवला, आणि मग तिथेच उभा राहून जरासा केविलवाणा म्हणाला, "मलाही न्यायला हवं होतं." मावशीने त्याला दिलासा दिला, "पुढच्या गावाला ती डावीकडे वळणार आहे. नाही गेलास तेच बरं."

मग मावशी आणि काका बसथांब्यावर आले. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे स्वतःची गाडी नव्हती. बस आली. काकांनी तिकिटं काढली, दोघं खिडकीजवळच्या बाकावर बसली. बस हलली, डुलली, आणि मावशीने बघितलं तर काका चक्क जागे. खिडकीला नाक लावून बघत होते.

"झोप नाही का आली?" तिने विचारलं.

"अगं, हे सगळं रोज इथेच असतं?" काका म्हणाले. "ती निळी इमारत? ते तळं?"

"जन्मभर इथेच आहे."

"मग मला कुणी सांगितलं नाही ते!"

यावर मावशीला हसू आलं. तिला बघून काकांना आलं, आणि एकदा सुरू झालेलं थांबेना. पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली, तिलाही उगीचच हसू आलं. कंडक्टरने "काय झालं, आजोबा?" म्हणून विचारलं, तर काकांनी त्याला दोन बोटं दाखवली.

"दोन तिकिटं दिलीयत की मघाशी."

"तिकिटं नाही, नातवंडं!" काका म्हणाले. "जुळी! पुढच्या महिन्यात!"

कंडक्टरने त्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला, मागच्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि या गडबडीत त्यांचा थांबा कधीच मागे गेला. ती दोघं शेवटच्या थांब्याला उतरली आणि हातात हात घालून, वाटेत दिसेल ती इमारत एकमेकांना दाखवत, पायी घरी आली.